वजन कोणाचं?

हायकू नावाची एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिचं काम २००१ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं आणि तिची पहिली पक्की आवृत्ती अजून यायचीच आहे. पहिली अल्फा आली २००९ मध्ये, पहिली बीटा २०१८ मध्ये, पाचवी बीटा २०२४ च्या सप्टेंबरमध्ये. एखाद्या कंपनीनं असा कारभार केला असता तर भागधारकांनी केव्हाच टाळं ठोकलं असतं. इथे मात्र लोक ती आवडीनं उतरवून घेतात, जुन्या लॅपटॉपवर बसवतात आणि वर ‘मजा येते’ म्हणतात. कामाच्या यंत्राबद्दल आपण सहसा असं बोलत नाही. विंडोज बरी चालते, मॅक देखणा आहे, अँड्रॉइड सोयीचं आहे, सगळं मान्य. पण ते वापरण्यातच मजा येते असं सांगणारा माणूस विरळा. ही मजा कशाची असते, हा प्रश्न वाटतो तितका छांदिष्टांपुरता नाही.

चटकन सुचणारं उत्तर वेगाचं. हायकूला ३८४ एमबी मेमरी असली तरी चालतं. विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी लागते, ६४ जीबी साठवण लागते, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही साधारण २०१७ नंतरचा लागतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, आणि आदल्या दिवशीपर्यंत धडधाकट असलेली असंख्य यंत्रं कागदोपत्री म्हातारी झाली. अशा यंत्रांना हलकी सिस्टिम पुन्हा कामाला लावते, हे खरंच आहे. पण निव्वळ वेग हवा असेल तर नवा लॅपटॉप घ्यावा की. तो विंडोजसकट हायकूपेक्षा कितीतरी जास्त कामं उरकेल. हायकू तर ग्राफिक्स चिपची मदतसुद्धा जवळजवळ घेत नाही, पडद्यावरचा ठिपकान् ठिपका मुख्य प्रोसेसरकडून रंगवून घेते. आणि नव्या लॅपटॉपचं कौतुक महिनाभरात ओसरतं, हा सगळ्यांचाच अनुभव. हायकूच्या गोतावळ्यातल्या कित्येकांचं प्रेम वीस वर्षं टिकलेलं आहे. तेव्हा कारण आणखी कुठेतरी असणार.

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. जाँ-लुई गासे हे ॲपलमधले बडे अधिकारी १९९० मध्ये तिथून बाहेर पडले आणि त्यांनी ‘बी’ नावाची कंपनी काढली. १९९५ मध्ये त्यांनी बीबॉक्स हा संगणक आणला. घरगुती संगणकात एकच प्रोसेसर असण्याच्या काळात यात दोन होते, आणि डब्याच्या दर्शनी बाजूला दिव्यांच्या दोन उभ्या रांगा होत्या. ज्या प्रोसेसरवर जितका भार, तितके त्याच्या रांगेतले दिवे वर चढत. आत काय चाललंय ते बाहेर बसलेल्याला कळलंच पाहिजे, असा हा हट्ट. बीबॉक्स दोन हजारही खपले नाहीत. पुढे ॲपलला नव्या सिस्टिमची निकड भासली तेव्हा बी आणि नेक्स्ट या दोन कंपन्यांची नावं पुढे होती. १९९६ च्या डिसेंबरात ॲपलनं नेक्स्ट घेतली आणि तिच्याबरोबर तिचे संस्थापक स्टीव्ह जॉब्ज ॲपलमध्ये परत आले. गासे यांनी मग आपली बीओएस ही सिस्टिम इंटेलच्या साध्या पीसीवर आणली. अडचण पुढेच होती. पीसी बनवणाऱ्या कंपन्या विंडोजशेजारी दुसरी सिस्टिम उघडपणे द्यायला धजत नव्हत्या. हिताचीनं एका मॉडेलमध्ये बीओएस भरून दिली खरी, पण यंत्र सुरू होताना तिचं नाव कुठे दिसेल अशी सोय ठेवली नाही. ग्राहकानं ती हुडकून काढायची.

२००१ मध्ये बीची मालमत्ता पाम कंपनीनं १.१ कोटी डॉलरला घेतली. मायक्रोसॉफ्टनं पीसी उत्पादकांना करारांत जखडून आपली वाट अडवली, असा दावा बीनं २००२ मध्ये लावला. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं कोणतीही चूक कबूल न करता २.३२५ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. कंपनी जेवढ्याला विकली गेली त्याच्या दुपटीहून जास्त रक्कम तिच्या तक्रारीला मिळाली.

विक्रीची बातमी आली त्याच महिन्यात काही वापरकर्त्यांनी ठरवलं की आपण बीओएस पहिल्यापासून पुन्हा लिहायची. तीच आजची हायकू. मूळ कोड त्यांच्या हाती नव्हता. बीनं जाता जाता फाइल दाखवणारा ट्रॅकर आणि कडेची पट्टी डेस्कबार एवढे दोन भाग खुले केले होते, तेवढंच भांडवल. कर्नलसाठी, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यासाठी, त्यांनी ट्रॅव्हिस गाइझेलब्रेख्ट या बीमधल्याच माजी अभियंत्याच्या ‘न्यूओएस’ या खुल्या प्रकल्पाचा आधार घेतला. बाकी सगळं हातानं. उद्दिष्ट एकच ठेवलं: बीओएसच्या पाचव्या आवृत्तीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम काहीही न बदलता इथे चालला पाहिजे. त्या हट्टापायी हायकूची ३२ बिटांची आवृत्ती आजही जीसीसी या कंपायलरची, म्हणजे कोडचा चालता प्रोग्रॅम करून देणाऱ्या सॉफ्टवेअरची, एक पुरातन आवृत्ती सोबत बाळगते. म्हणजे हलकी म्हणवणाऱ्या सिस्टिमनंही एक लोढणं गळ्यात बांधून घेतलंय, तेही राजीखुशीनं. ही गोष्ट पुढे लागेल.

आता मजेकडे. पहिली गोष्ट हाताला जाणवते. डॅन लू या अभियंत्यानं २०१७ मध्ये वेगवेगळ्या काळातले संगणक घेऊन, कळ दाबल्यापासून अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत किती वेळ जातो ते मोजलं. १९८३ च्या ॲपल टू-ई ला ३० मिलिसेकंद लागत होते, आणि तेव्हाच्या नव्या, दणकट यंत्रांपैकी कित्येकांना त्याच्या तिप्पट-चौपट. प्रोसेसर हजारोपट वेगवान झाले आणि अक्षर मात्र उशिरा उमटू लागलं. कारण कळ आणि अक्षर यांच्या मधल्या पायऱ्या वाढत गेल्या, प्रत्येक पायरीवर थोडी रांग, थोडं थांबणं. बीओएसच्या कर्त्यांनी या मधल्या जागेचाच विचार केला होता. त्यांच्या रचनेत प्रत्येक विंडोला स्वतःचा स्वतंत्र धागा असतो, म्हणजे तिची कामं पाहणारा वेगळा कारकून. मागे एखादं जड काम प्रोसेसरला पिळून काढत असेल तरी समोरचा मेन्यू उघडायचं थांबत नाही. हायकूनं ही रचना जशीच्या तशी उचलली आहे. दहा वर्षांच्या लॅपटॉपवर एकीकडे मोठा प्रोग्रॅम कंपाइल होत असताना दुसरीकडे फोल्डर चटकन उघडतो, त्या क्षणी जे वाटतं ते वेगाचं सुख नसतं. एकूण काम तर हळूच होत असतं. यंत्रानं आपल्याला थांबवून ठेवलं नाही, याचं ते सुख.

दुसरी गोष्ट डोक्याला जाणवते आणि माझ्या मते ती जास्त मोलाची. बीओएसची फाइल ठेवण्याची पद्धत डॉमिनिक जांपाओलो यांनी सिरिल मरीयाँ यांच्यासोबत बांधली. तिच्यात कोणत्याही फाइलला हवी तेवढी लेबलं चिकटवता येतात, त्यांची सूची सिस्टिमच ठेवते आणि तीवर कधीही प्रश्न विचारता येतो. याचा अर्थ असा की हायकूत ईमेल ही एक साधी फाइल असते. पाठवणारा, विषय, तारीख ही तिची लेबलं. ओळखीच्या माणसाचा पत्ता हीसुद्धा एक फाइल. त्यामुळे वेगळा ईमेलखाना, वेगळी पत्त्यांची वही असं काही लागतच नाही. फोल्डर उघडायचा, रकाने लावायचे, ‘अमक्याची, न वाचलेली’ असा प्रश्न जपून ठेवायचा, की नवं पत्र आल्याबरोबर ते त्या उघड्या यादीत आपोआप येऊन बसतं. आपण एक गोष्ट शिकतो आणि ती दहा ठिकाणी लागू पडते. जांपाओलो पुढे ॲपलमध्ये गेले आणि मॅकच्या स्पॉटलाइट शोधयंत्रणेवर त्यांनी काम केलं. पण तिथे ती एक जादा सोय आहे, इथे तिच्यावर घर उभं आहे.

प्रोग्रॅम बसवणं-काढणं हेही असंच. हायकूत पॅकेज उलगडून त्याच्या शेकडो फाइली जागोजाग पेरल्या जात नाहीत. पॅकेजची एकच फाइल एका ठरावीक फोल्डरात येऊन बसते आणि सिस्टिम तिच्यातला ऐवज जागच्या जागी वाचते. ती फाइल बाहेर ओढली की प्रोग्रॅम गेला. मागे उरलीच तर आपण बदललेली सेटिंगं. नव्या अपडेटनं काही बिघडलं तर यंत्र सुरू होतानाच्या मेन्यूतून कालची अवस्था निवडता येते. हे सगळं समजायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. माउस ओढता येणाऱ्या माणसाला आपल्या यंत्रात काय आहे नि काय नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं. बीबॉक्सच्या दर्शनी दिव्यांमागे जी बुद्धी होती तीच इथे आहे.

वेग आणि समज, या दोन्ही गोष्टी लहान आकारामुळे येतात असं मानायची पद्धत आहे. निकलाउस विर्त यांनी १९९५ मध्ये सडपातळ सॉफ्टवेअरची बाजू मांडणारा एक लेख लिहिला, त्यात तक्रार हीच होती की यंत्रं जितकी वेगवान होतात त्याहून जास्त वेगानं सॉफ्टवेअर मंद होत जातं. पास्कल भाषेचे कर्ते म्हणून विर्त आपल्याकडच्या एका पिढीला ठाऊक आहेत. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऑल्टो हा संगणक पाहिला, तो विकत मिळत नव्हता, म्हणून झुरिकला परतून त्यांनी आपला वेगळा संगणक घडवला. पुढे युर्ग गुटक्नेख्ट यांच्याबरोबर त्यांनी ओबेरॉन ही सिस्टिम लिहिली. ती कंपायलरसकट एका पुस्तकात मावते, आणि तसं पुस्तक त्यांनी छापलंही. एका माणसाला अख्खी समजेल एवढीच सिस्टिम असावी, ही त्यांची कसोटी. मला ती कसोटी भारी वाटते, पण पूर्णपणे पटत नाही.

पटत नाही, कारण आजच्या सॉफ्टवेअरचं बरंचसं वजन हे कष्टाचं वजन आहे. फोर-के पडद्याचं एक पूर्ण चित्र मेमरीत ठेवायचं तर ८३ लाख ठिपके गुणिले चार बाइट, म्हणजे ३३ एमबी. १९९५ च्या कित्येक संगणकांची सगळी मेमरी याच्याहून कमी होती. ब्राउझर मेमरी खातो म्हणून आपण बोटं मोडतो. पण २०१८ मध्ये प्रोसेसरमधला स्पेक्टर हा दोष उघड झाल्यावर वेगवेगळ्या वेबसाइटना वेगवेगळ्या प्रक्रियांत कोंडून ठेवणं भाग पडलं, म्हणजे एका साइटला दुसऱ्या साइटवरचा तुमचा पासवर्ड चोरता येऊ नये. ते कोंडवाडे जागा खातात. अंध माणसाला पडदा वाचून दाखवणारी यंत्रणा जागा खाते. जगातल्या सगळ्या लिप्यांचे फाँट जागा खातात. यातलं काय काढून टाकायचं? विर्त यांच्या तक्रारीला टाळ्या देणाऱ्यांनी हे सांगायला हवं, आणि बहुतेक जण सांगत नाहीत.

म्हणून वजन किती, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. ते वजन कोणासाठी उचललं जातंय, हा प्रश्न विचारावा. भाड्याच्या खोलीत आपलं सामान कितीही असलं तरी अडचण होत नाही. घरमालकानं कोपऱ्यात आपली ट्रंक ठेवली आणि मधूनमधून ती उघडायला येऊ लागला, की खोली लहान वाटायला लागते. विंडोज ११ च्या घरगुती आवृत्तीत संगणक पहिल्यांदा सुरू करतानाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं जातं. २०२४ च्या एप्रिलमधल्या अपडेटपासून तिच्या स्टार्ट मेन्यूत ‘शिफारशी’ या नावाखाली ॲपच्या जाहिराती येऊ लागल्या. त्याच वर्षी मे महिन्यात रिकॉल ही सोय जाहीर झाली: पडद्याची छायाचित्रं ठरावीक वेळानं टिपून ठेवायची, म्हणजे नंतर शोधता येतील. एवढा गदारोळ झाला की ती मागे घेऊन, ज्याला हवी त्यानंच सुरू करावी अशा रूपात नंतर आणावी लागली. या गोष्टी मेमरीच्या हिशेबात फार नसतीलही. जाहिरातीची एक ओळ किती बाइट खाणार? पण त्या यंत्राला जड करतात, कारण त्या आल्या की समोर बसलेल्या माणसाचं लक्ष अर्धं कामावर आणि अर्धं यंत्राच्या हेतूंवर राहतं. हे आता का विचारतंय, ‘नंतर’ म्हणायचं बटण कुठे दडवलंय, हो म्हटलं तर काय जाईल. हायकू सुरू केली की ती काही विचारत नाही. निळा पडदा, पिवळ्या टोप्यांच्या विंडो, बस्स. तिला आपल्याकडून काही नको असतं.

ओपन सोर्स म्हटलं की हे आपोआप येतं, अशी एक भाबडी समजूत आहे. ती २०१२ मध्येच खोटी ठरली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात उबुंटू या लिनक्सवरच्या खुल्या सिस्टिमची १२.१० ही आवृत्ती आली, आणि आपल्याच संगणकावरची फाइल शोधायला शब्द टाइप केला तर तो बाहेर जाऊन ॲमेझॉनवरच्या वस्तूही दाखवल्या जाऊ लागल्या. कोड खुला होता, सिस्टिम फुकट होती, आणि तरीही घरमालकाची ट्रंक खोलीत आली. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी तिला हेरगिरीचं सॉफ्टवेअर म्हटलं. शेवटी २०१६ च्या आवृत्तीत हा प्रकार सुरुवातीपासूनच बंद ठेवला गेला, ज्याला हवा त्यानं सुरू करावा. फरक एवढाच की ज्यांना तो रुचला नाही त्यांना तेवढी साडेतीन वर्षं वाट पाहावी लागली नाही. त्याच कोडवर उभी असलेली झुबुंटू, लुबुंटू, मिंट अशी शेजारची घरं होतीच. तशीच कथा २०११ ची. ग्नोम या लोकप्रिय डेस्कटॉपनं आपला चेहरामोहरा पार बदलला तेव्हा खुद्द लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्ज काही काळ एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपकडे वळले, आणि जुना ग्नोम ज्यांना हवाच होता त्यांनी त्याच्या कोडवरून माटे नावाचा डेस्कटॉप चालू ठेवला. एक्सएफसीईची ४.१२ आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि ४.१४ यायला २०१९ उजाडलं. चार वर्षं मेन्यू होता तिथेच. काहींना हा आळस वाटतो. ज्याला सकाळी उठून कामाला बसायचंय त्याला तो मोठा शहाणपणा वाटतो.

इथवर सगळं हलक्या सिस्टिमच्या बाजूचं झालं. आता मराठी माणसानं हायकूत मराठी टाइप करून पाहावं.

‘मराठी’ हा शब्द बऱ्यापैकी उमटतो, कारण त्यात काना आणि दीर्घ वेलांटीच आहे, दोन्ही अक्षरानंतर येतात. पण ‘विद्यार्थी’ लिहा. देवनागरीत पहिली वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि काढावी लागते व्यंजनाआधी. द आणि य एकमेकांत मिसळावे लागतात. र चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जावा लागतो. ही जुळवाजुळव करायला फाँट पुरत नाही, एक वेगळी यंत्रणा लागते. खुल्या जगात ते काम हार्फबझ हे सॉफ्टवेअर करतं. अँड्रॉइड, फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस सगळे त्यावर चालतात. हायकूच्या स्वतःच्या अक्षरं काढण्याच्या यंत्रणेत ही जुळणी पाचव्या बीटापर्यंत आलेली नाही. ब्राउझरसारखे जे प्रोग्रॅम आपली यंत्रणा सोबत घेऊन येतात त्यांची गोष्ट वेगळी. पण फोल्डरांची नावं, मेन्यू, साधा संपादक इथे वेलांटी चुकीच्या बाजूला जाऊन बसते, हलन्त पायमोडके उभे राहतात, रफार जमिनीवर येतो. ज्यानं ही सिस्टिम लिहिली त्याला रोमन लिपीत असलं काही करावंच लागत नाही, म्हणून त्याच्या मते ती पूर्ण आणि सडपातळ आहे. मी मात्र तिच्याकडे पाहून म्हणतो की हा सडपातळपणा नव्हे, ही उणीव आहे.

विंडोजला हे २००० साली जमलं होतं. विंडोज २००० मध्ये मंगल हा फाँट होता, जुळणीची यंत्रणा होती, आणि भारत ही मोठी बाजारपेठ आहे हे पाहूनच तो खर्च झाला होता, यात शंका नको. म्हणजे बाजार नेहमी दुसऱ्याचंच सामान आपल्या खोलीत आणून टाकतो असं नाही, कधी आपलंही आणून देतो. खुल्या बाजूनंही काम झालं आहे, आणि त्यातलं काही थेट पुण्यात. भारतीय लिप्यांचा लोहित हा खुला फाँटसंच रेड हॅटच्या पुणे कार्यालयातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळला, दुरुस्त केला. लिनक्सवर ज्यांनी मराठी वाचली त्यांतल्या बहुतेकांनी तो कधी ना कधी पाहिला असेल. मुद्दा असा की हार्फबझ हे वजनच आहे, आणि ते मला हवंय. हायकूवाले जुन्या बीओएसच्या प्रोग्रॅमांसाठी एक पुरातन कंपायलर वाहतात कारण ते प्रोग्रॅम त्यांना प्रिय आहेत. माझी लिपी मला तितकीच प्रिय आहे. हलकेपणाचं कौतुक करताना कोणाचं सामान बाहेर राहिलं हे पाहायला नको का? इथे बाहेर राहिलंय ते जगातल्या कोट्यवधी लोकांचं, कारण अरबीपासून तमिळपर्यंत कितीतरी लिप्यांना अशी जुळणी लागते.

आणखी काही उणिवा आहेत, त्या फार न रेंगाळता सांगतो. लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर हायकू झोपी जात नाही. ती मुळात एका माणसाची सिस्टिम आहे. तिच्यात चालणारा कोणताही प्रोग्रॅम तुमच्या सगळ्या फाइली वाचू शकतो, ही आजच्या दिवसांत गंभीर गोष्ट आहे. बँकेच्या व्यवहारांसाठी मी ती वापरणार नाही आणि कोणाला सुचवणारही नाही. सीएच्या कार्यालयात डिजिटल स्वाक्षरीचं टोकन यंत्राला लावून विवरणपत्र भरायचं म्हटलं की समोर बहुधा विंडोजच लागते. थोडक्यात, हायकूची मजा लुटणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे दुसरं, जड यंत्र आहे आणि संसार त्यावर चालतो. ‘मग हा रिकामपणचा उद्योग झाला,’ असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. फक्त एवढं विचारेन: ज्या यंत्रावर संसार चालतो तिथेच मजा का येऊ नये? लेखणीनं हिशेबही लिहिता येतात आणि कविताही, आणि दोन्ही वेळा लेखणी आपलीच असते. संगणकाच्या बाबतीत कामाचं यंत्र दुसऱ्याचं आणि मजेचं यंत्र आपलं, अशी वाटणी आपण कधी मान्य केली?

ती वाटणी तंत्रामुळे झालेली नाही. मेन्यूत जाहिरात न घालता ३३ एमबीचं चित्र रंगवता येतं, वेबसाइटना कोंडवाड्यात ठेवता येतं, रफार जागेवर बसवता येतो. वाटणी झाली ती पैशाच्या वाटेनं. ऑपरेटिंग सिस्टिम बनवायला पैसा लागतो आणि वापरणारा तिच्यासाठी सुटे पैसे मोजायला नाखूष असतो. मग जो पैसे देतो त्याचं सामान आत येतं. उबुंटूच्या कर्त्या कॅनॉनिकल कंपनीलाही ॲमेझॉनकडून थोडं उत्पन्न हवं होतं, यात काही खलनायकी नव्हती. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षं गूगलकडून येत आला आहे, शोधाची पेटी गूगलची ठेवल्याबद्दल. आणि मोझिला ही तर ना-नफा संस्थेच्या मालकीची. हायकूची संस्था, हायकू इन्कॉर्पोरेटेड, देणग्यांवर चालते. पैसे मोजणाऱ्याला तिच्यातून काही विकता येत नाही म्हणून तिच्यात कोणी पैसा ओतत नाही, आणि पैसा नाही म्हणून पहिली आवृत्ती यायला दोन तपं पुरत नाहीत. २०२१ पासून मात्र या देणग्यांतून एका विकसकाला पूर्ण वेळ पगार देणं संस्थेला जमू लागलं, आणि चौथ्या-पाचव्या बीटांची स्थिरता पाहिली तर त्याचा परिणाम कळतो. एक माणूस. हार्फबझ बसवायला, ग्राफिक्स चिपशी बोलायला, झाकण मिटल्यावर यंत्राला झोपवायला असे आणखी चार-पाच लागतील. त्यांचा पगार देणगीच्या छोट्या छोट्या रकमांतून उभा राहिला तर माझी वेलांटी योग्य बाजूला येईल आणि खोली रिकामीच राहील. तो एखाद्या मोठ्या कंपनीनं एकरकमी दिला तर वेलांटी कदाचित लवकर येईल, आणि तिच्यापाठोपाठ स्टार्ट मेन्यूत काय येतं ते पाहावं लागेल. मराठी वापरणाऱ्या पाच-दहा हजार लोकांनी वर्षाला शंभर-शंभर रुपये या कामासाठी बाजूला काढले, तर जुळणीच्या कामापुरता एक प्रोग्रॅमर काही महिने बसवता येईल, एवढा हिशेब मी कागदावर करून पाहिला आहे. ते शंभर रुपये मागायचे कोणाकडे आणि कशाच्या नावानं, तिथे तो हिशेब अडतो.